हात प्लास्टरमध्ये, बाकीच्या शरीराचं काय? : विश्रांती विरुद्ध हालचाल, एका जुन्या वादाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे साधारण अठ्ठावन्न वर्षांच्या एक काकू आल्या होत्या. बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या, पडताना हात टेकला आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. रोज दिसणारं फ्रॅक्चर. हाड जागेवर बसवलं, प्लास्टर घातलं, गळ्यात झोळी अडकवली. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलं. एक्स-रे छान होता, हाड व्यवस्थित जुळलं होतं. मी खूश. काकू मात्र खूश नव्हत्या. त्यांचा खांदा वर जात नव्हता. केस विंचरता येईनात. बोटं ताठ झाली होती. आणि दवाखान्याचा एक जिना चढून आल्यावर त्या पाच मिनिटं नुसत्या धापा टाकत होत्या.

"काकू, खांद्याला तर काही झालं नव्हतं. तो हलवला नाही का?"

"अहो डॉक्टर, तुम्हीच म्हणालात ना, हात हलवायचा नाही! मी सहा आठवडे जागची हलले नाही. सुनेनं पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू दिला नाही."

चूक माझी होती. मला म्हणायचं होतं "मनगट हलवू नका". मी म्हणालो "हात हलवू नका". त्यांनी ऐकलं "हलू नका". तेव्हापासून मी काय हलवायचं आणि काय नाही हे कागदावर लिहून देतो. पण हा घोळ माझ्यापासून सुरू झालेला नाही. मोडलेल्या हाडाला विश्रांती द्यायची की हालचाल, आणि विश्रांती द्यायची तर नेमकी कुणाला, हाडाला की माणसाला, यावर डॉक्टर मंडळी फार जुन्या काळापासून भांडत आली आहेत. ते भांडण समजलं की तुमच्या हातात दिलेला व्यायामाचा कागद तुम्ही जरा जास्त मनावर घ्याल, म्हणून हा लेख.

सुरुवात आपल्याकडूनच करतो. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर वेगळा अध्याय आहे. वड, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबूच्या कामट्या बांधून हाड कसं स्थिर ठेवायचं ते त्यात सांगितलं आहे. पट्टी थंडीत सात दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी आणि मधल्या ऋतूत पाच दिवसांनी बदलायची. सैल बांधली तर हाड हलतं, घट्ट बांधली तर सूज आणि वेदना होतात, हा इशाराही आहे. पण मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट हाताच्या दुखापतीची आहे. हात बरा होऊ लागला की रुग्णाने आधी मातीचा गोळा मुठीत धरायचा, मग सैंधव मिठाचा खडा आणि हातात ताकद आली की दगड. आधी मऊ, मग कडक, मग जड. आज फिजिओथेरपिस्ट तुम्हाला आधी स्पंज, मग रबरी चेंडू आणि मग डंबेल देतात, त्यामागे हाच विचार आहे. "आपल्याकडे सगळं आधीच होतं" असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण ही नोंद खरोखरच थक्क करणारी आहे.

युरोपात काकूंच्या फ्रॅक्चरचं नीट वर्णन केलं ते डब्लिनच्या अब्राहम कोलिस या सर्जनने, १८१४ मध्ये. एक्स-रेचा शोध लागायला अजून एक्क्याऐंशी वर्षं होती. तोपर्यंत या दुखापतीला बहुतेक जण मनगट निखळणं किंवा लचकणंच समजत. हाड मनगटाच्या जरा वरच्या बाजूला मोडलेलं असतं, हे कोलिसने नुसतं बघून आणि चाचपून सांगितलं. आजही आम्ही या फ्रॅक्चरला त्याचंच नाव देतो.

मग आलं प्लास्टर. डच लष्करी सर्जन अँटोनियस मथायसेन याने कोरडं प्लास्टर ऑफ पॅरिस चोळलेल्या पट्ट्या ओल्या करून गुंडाळायची पद्धत १८५२ मध्ये प्रसिद्ध केली. काही मिनिटांत घट्ट होणारी, अंगाबरोबर बसणारी पट्टी! लगोलग क्रिमियाच्या युद्धात रशियन सर्जन पिरोगोव्ह याने प्लास्टरचा मोठ्या प्रमाणावर वापर केला आणि त्यामुळे कितीतरी सैनिकांचे हातपाय कापावे लागले नाहीत. प्लास्टर हे वरदान होतं यात शंका नाही. पण त्याचे तोटेही दिसू लागले. जर्मनीतल्या रिचर्ड फोन फोल्कमान याने १८८१ मध्ये घट्ट बांधलेल्या पट्टीमुळे हाताचा रक्तपुरवठा तुटून बोटं कायमची वाकडी होतात याचं वर्णन केलं. हा धोका आजही संपलेला नाही. प्लास्टरनंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढतच गेली, बोटं सुजून निळी, पांढरी किंवा गार पडली, मुंग्या आल्या, बधिर झाली किंवा दुसऱ्या हाताने सरळ करताना प्राण कासावीस झाले, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजता निघा. यात तास महत्त्वाचे असतात.

आता मुख्य भांडणाकडे येतो.

एका बाजूला होता ह्यू ओवेन थॉमस. जन्म १८३४ मध्ये वेल्समधल्या अँगलसी बेटावर, हाडवैद्यांच्या घराण्यात. हो, तिकडेही पिढीजात हाडवैद्य होते. त्याचे वडील इव्हान लिव्हरपूलला हाडं बसवायचे. रुग्णांची रीघ लागायची आणि पदवीधर डॉक्टर त्यांना कोर्टात खेचायचे. त्या त्रासाला कंटाळून वडिलांनी सगळ्या मुलांना डॉक्टर केलं. ह्यू थॉमसचं म्हणणं एकच: दुखावलेल्या भागाला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्या. मध्येच सोडून बघू नका, हलवून बघू नका. त्याच्या नावाची थॉमस स्प्लिंट मांडीच्या फ्रॅक्चरसाठी आजही वापरतात.

दुसऱ्या बाजूला होता पॅरिसचा जुस्त लुकास-शांपियोनिएर. त्याचं म्हणणं बरोबर उलट. पूर्ण विश्रांती हेच सांधे आखडण्याचं आणि स्नायू वाळण्याचं कारण आहे. हलक्या हाताने मालिश करा, लवकर हालचाल सुरू करा. १८९५ मध्ये त्याने यावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्या काळातल्या बऱ्याच सर्जनांना हे वेडेपणाचं वाटलं. मोडकं हाड हलवायचं?

इथे थोडं थांबून एक सावधगिरीची गोष्ट सांगतो, कारण "मालिश" हा शब्द वाचून काही जण तेलाची बाटली शोधायला लागले असतील. लुकास-शांपियोनिएरचं मालिश म्हणजे अगदी मऊ, जवळजवळ कुरवाळल्यासारखा स्पर्श. आपल्याकडे कोपराला मार लागल्यावर रगडून रगडून जे मालिश होतं, त्याने स्नायूंच्या आत हाड तयार होऊन कोपर कायमचं अडकलेले रुग्ण मी स्वतः पाहिले आहेत. त्यात लहान मुलंही होती. कोपराच्या दुखापतीला मालिश नको. हे मी कितीही वेळा लिहिलं तरी कमीच आहे.

तर या दोघांत बरोबर कोण? गंमत अशी की थॉमसला लोकांनी अर्धाच वाचला. त्याची विश्रांती होती दुखावलेल्या सांध्याला. माणसाला नाही! कंबरेचा सांधा आजारी असलेल्या मुलांना तो लोखंडी पट्टीची स्प्लिंट बांधायचा आणि कुबड्या देऊन चालायला लावायचा, त्यांना महिनोन्‌महिने अंथरुणावर ठेवायचा नाही. ही गोष्ट नंतरच्या अनेक डॉक्टरांच्या लक्षातून निसटली आणि रुग्णाच्या कानापर्यंत फक्त "विश्रांती" पोचली. माझ्या काकूंच्या बाबतीत झालं तेच.

थॉमसच्या बायकोच्या भाच्याला मात्र थॉमस पुरता समजला होता. रॉबर्ट जोन्स त्याचं नाव. मँचेस्टरचा जहाजांचा कालवा खोदताना हजारो मजूर कामाला होते, त्यांच्या अपघातांवर उपचार करण्याची जबाबदारी तरुण जोन्सवर आली. मजुराच्या दृष्टीने हाड जुळणं हा अर्धाच निकाल असतो. फावडं उचलता आलं नाही तर जुळलेलं हाड काय कामाचं? पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या जखमींची जबाबदारी आली तेव्हा जोन्सने लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या लष्करी रुग्णालयात कार्यशाळा उघडल्या. सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम. ज्याचा खांदा आखडलाय त्याला रंधा मारायला लावायचं, ज्याची बोटं ताठ आहेत त्याला शिवणकाम द्यायचं. या कार्यशाळांसाठी झटणारा माणूस कोण होता, तर देशातून हाकलला गेलेला पोर्तुगालचा राजा मॅन्युएल दुसरा! राज्य गेल्यावर त्याने हे काम मनापासून केलं.

त्याच युद्धात समोरच्या बाजूला, ऑस्ट्रियाच्या सैन्यात, लोरेंझ ब्योलर नावाचा डॉक्टर होता. त्याचा नियम शाळेतल्या मुलालाही समजेल इतका सोपा होता. हाड नीट बसवा. जुळेपर्यंत ते हलू देऊ नका. आणि तेवढ्या काळात प्लास्टरमध्ये नसलेला प्रत्येक सांधा रोज हलवा. हा तिसरा भाग त्याने इतका मनावर घेतला होता की त्याचे प्लास्टरमधले रुग्ण रांगेत उभे राहून कवायत करायचे. १९२५ मध्ये व्हिएन्नात फक्त अपघातांसाठीचं रुग्णालय त्याच्या हाती आलं. पैसे विमा संस्थेचे होते. ब्योलरने तिला आकडे मांडून पटवून दिलं होतं, की असे उपचार केले तर माणसं लवकर कामावर जातात आणि अपंगत्वाची पेन्शन कमी द्यावी लागते. डॉक्टरांना जे वर्षानुवर्षं पटत नव्हतं ते हिशेबनिसांना पटलं. असं वैद्यकात बऱ्याचदा होतं.

खांद्याबद्दलही त्याच सुमारास एक उपयोगी गोष्ट घडली. बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन याने १९३४ च्या आपल्या पुस्तकात कमरेत वाकून हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा हा व्यायाम मांडला. वाकल्यामुळे हाताचं वजन गुरुत्वाकर्षण पेलतं, स्नायूंना ताण न देता खांदा फिरतो. आज जगभरात फिजिओथेरपिस्ट हाच शिकवतात. (मुगदर मात्र तिकडे आपल्याकडून गेले. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इथल्या तालमींत ते पाहिले आणि एकोणिसाव्या शतकात 'इंडियन क्लब' म्हणून इंग्लंडात त्यांची साथच आली.)

आतापर्यंतची गोष्ट दुखावलेल्या हाताची झाली. पण काकूंना जिना चढताना दम का लागला? त्याचं उत्तर फुप्फुस, हृदय आणि पायांत आहे. त्याचा इतिहास वेगळा आहे, आणि माझ्या मते जास्त भीतिदायक.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाळंतीण असो, ऑपरेशन झालेला असो की हृदयविकाराचा रुग्ण, सगळ्यांना आठवडेच्या आठवडे पलंगावर ठेवायची रीत होती. १९४७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ॲशर या डॉक्टरने अंथरुणाच्या धोक्यांवर एक छोटा, खुसखुशीत लेख लिहिला. रक्ताच्या गाठी, न्यूमोनिया, बद्धकोष्ठ, ठिसूळ हाडं आणि खचलेलं मन, सगळं त्याने एका माळेत ओवलं. पुढे १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस इथे पाच निरोगी, वीस वर्षांच्या तरुणांना तीन आठवडे नुसतं पलंगावर झोपवून ठेवण्यात आलं. त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चौथ्या हिश्श्याहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना शोधून पुन्हा तपासलं. आता ते पन्नाशीत होते, पोटं सुटली होती. तरीही वयाच्या तीस वर्षांनी त्यांच्या क्षमतेचं जेवढं नुकसान केलं होतं, त्यापेक्षा विशीतल्या त्या तीन आठवड्यांनी जास्त केलं होतं. पाचच माणसं होती, मान्य. पण वाक्य पुन्हा वाचा.

हात मोडलेला माणूस काही चोवीस तास झोपून नसतो, हे खरं. पण घरच्यांचं प्रेम, सोफा, टीव्ही आणि "पडशील हं" हे चार मिळाले की तो झोपल्यातच जमा होतो. साठीच्या पुढे तर पायांची ताकद फार लवकर जाते, आणि पायांची ताकद गेली की दुसरं पडणं ठरलेलं.

आता या इतिहासातला मला सगळ्यात चकित करणारा धागा. १८९४ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. एका हाताने रबरी गोळा दाबून पाऱ्याचा स्तंभ वर चढवायचा, असा काही दिवस सराव करून घेतला. त्या हाताची ताकद वाढली, त्यात नवल नाही. पण ज्या हाताने काहीच केलं नव्हतं, त्याचीही वाढली! पुढची शंभर वर्षं ही गोष्ट प्रयोगशाळेतली गंमत म्हणून राहिली. मग कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी लोकांचा एक हात तीन आठवडे प्लास्टरमध्ये ठेवला. ज्यांनी मोकळ्या हाताने ताकदीचा व्यायाम केला त्यांच्या बांधलेल्या हाताची ताकद टिकली, ज्यांनी केला नाही त्यांची घटली. २०१३ मध्ये त्यांनीच मनगट मोडलेल्या, पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांवर हे करून पाहिलं. ज्यांनी नेहमीच्या उपचारांबरोबर चांगल्या हाताचा व्यायाम केला, त्यांच्या मोडलेल्या हाताची पकड आणि मनगटाची हालचाल बारा आठवड्यांनी जास्त चांगली होती. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या पकडीत विशेष फरक राहिला नाही, हेही सांगायला हवं. म्हणजे हा चमत्कार नाही. पण ज्या दिवसांत तुम्हाला चपाती लाटायची, गाडी चालवायची घाई असते, नेमक्या त्या दिवसांत तो थोडा हात देतो, आणि खर्च काही नाही. यात स्नायूंपेक्षा मेंदूचा आणि मज्जातंतूंचा वाटा असतो, कारण एका बाजूला हुकूम सोडताना मेंदूची दुसरी बाजूही थोडी जागी होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपचारही हालचालीच्या बाजूने झुकले. थॉमस डिलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने १९४५ मध्ये जखमी सैनिकांना क्रमाक्रमाने वाढवत नेलेली वजनं उचलायला लावली. स्वित्झर्लंडमधल्या सर्जनांनी १९५८ मध्ये गट स्थापन करून प्लेट आणि स्क्रूची पद्धत बांधून काढली, ती मुख्यतः सांधे लवकर हलवता यावेत म्हणूनच. ऑगस्टो सार्मिएन्टो याने दंडाच्या फ्रॅक्चरला प्लास्टरऐवजी प्लॅस्टिकची घट्ट बाही वापरली, तिच्यात खांदा आणि कोपर दोन्ही मोकळे राहतात.

तर तुमच्या मनगटाला प्लास्टर असेल तर याचा अर्थ काय? बोटं पूर्ण उघडायची, पूर्ण मिटायची, दर तासाला दहा वेळा. कोपर आणि खांदा दिवसातून तीन-चार वेळा पूर्ण फिरवायचे, त्यासाठी झोळीतून हात बाहेर काढायचा. झोळी बाहेर जाताना ठीक, घरात दिवसभर नको. पहिले काही दिवस हात हृदयाच्या वर. खांद्याचं किंवा दंडाचं फ्रॅक्चर असेल, सांधा निखळला असेल किंवा ऑपरेशन झालं असेल तर नियम वेगळे असतात, तेव्हा आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आणि चाला. रोज अर्धा तास, सपाट रस्त्यावर, चांगल्या चपला घालून. घरातली स्थिर सायकल असेल तर उत्तम. खुर्चीतून हात न टेकता उठणं आणि बसणं, दहा वेळा, हा पायांसाठी फुकटचा आणि फार चांगला व्यायाम आहे. मोकळ्या हाताने पाण्याची बाटली उचला, चेंडू दाबा. धावणं, दोरीच्या उड्या, गर्दीच्या बसमध्ये उभं राहणं नको, कारण त्याच हातावर पुन्हा पडलात तर सगळं पहिल्यापासून. पोहणंही नको, प्लास्टर भिजतं. जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी वाढवा. मधुमेह असेल तर साखर तपासत राहा. बसून राहिल्याने ती वाढते, आणि मधुमेहींचा खांदा तसाही लवकर आखडतो. पन्नाशीनंतर नुसतं उभ्या उभ्या पडून मनगट मोडलं असेल तर हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या.

काकूंचा खांदा मोकळा व्हायला पुढे साडेचार महिने लागले. जिन्याचं काम मात्र सहा आठवड्यांत झालं, कारण त्या रोज संध्याकाळी देवळापर्यंत चालत जाऊ लागल्या. मुठीच्या व्यायामासाठी मी त्यांना पिवळा स्पंजचा चेंडू दिला होता. पुढच्या वेळी आल्या तेव्हा चेंडू नातवाने पळवला होता. मग काय करता, विचारलं तर म्हणाल्या, "कणकेचा गोळा घेते. आधी सैल भिजवत होते, आता घट्ट भिजवते."

मी त्यांना सुश्रुताबद्दल काही सांगितलं नव्हतं.